वितीची पेटी

दरेकसा
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. रुख्मास दादाचे अ. आ. वि. वि.

प्रेरणाच्या लग्नाचं साक्षगंध आटोपून परत आलो त्याला आठवडा होत आला. सुखरूप पोचल्याचं कळवलं नाही म्हणून तू तिकडे पुटपुटत असशील. खुशाल पुटपुट, मला कुठे ऐकू येतं! गोंदियाला गाडी वेळेवर मिळाली, दरेकशाला उतरलो तेव्हा अजून उजेड होता.

त्या दिवशी पाहुण्यांमध्ये माझी काय शोभा झाली ते तुझ्या यजमानांनी, केवलरामजींनी, तुला सांगितलंच असेल. नवरदेव उमेंद्रचे काका माझ्याजवळ बसून बराच वेळ काहीतरी विचारत होते आणि मी आपला मोठ्या मनाने मान डोलवत होतो. मागाहून केवलरामजींनी कागदावर लिहून दाखवलं की ते विचारून राहिले होते, पोरीत काही खोड आहे काय, आणि मी दर वेळी हो म्हणत गेलो. आरामशीनवर लाकडं कापण्यात जन्म आणि कान दोन्ही घालवलेल्या माणसाला सोयऱ्यांच्या रांगेत बसवूच नये. मुलगा मात्र मला आवडला. प्रेरणाने लग्नानंतरही कारखान्यात काम करावं असं तो म्हणाला, हे तूच मला लिहून दाखवलंस. मुलीच्या कामाची लाज न वाटणारा मुलगा मिळाला, आणखी काय पाहिजे?

येताना गोंदियात गुलाबचंदकडे डोकावलो. आरामशीन सोडून त्याने फर्निचरचा कारखाना घातला तेव्हा मीच त्याला प्रेरणाचं नाव सुचवलं होतं. तो आता म्हणतो, रंधा मशीनवर तिच्यासारखा हात कोणाचा नाही, पुरुष माणसंही तिला विचारून फळी लावतात. ऐकू आलं नाही, पण इतक्या वर्षांच्या ओळखीत त्याचं तोंड पाहून कळतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन ती रंध्याला लोंबकळायची, आणि तू ओरडायचीस की पोट्टीच्या अंगाला भुसा लागून राहिला. आठवतं ना?

आता मुद्द्याचं. आपल्या बापाची बैलबंडी गोठ्यात मोडून पडली आहे. तिच्या फळ्या काढल्या. सगळं बिजाचं लाकूड, अजून लोखंडासारखं आहे. त्याची प्रेरणासाठी पेटी करतो आहे. पावसात ही बंडी भिजली की तिचा रंग सुटायचा आणि आपल्या कपड्यांवर तपकिरी डाग पडायचे, मग आई आपल्याला बडवायची. पेटी कोरडी ठेवायची, एवढं पोरीला आधीच सांगून ठेव.

माप तुला ठाऊक आहे. आपल्या घरात मामाने द्यायची पेटी नवरीच्याच वितीने मापतात, उजव्या हाताच्या. लांबी चार विती, रुंदी अडीच, खोली दोन. हळदीचा धागा घ्यायचा, पोरीने आपला पंजा ताणून तो अंगठ्यापासून करंगळीपर्यंत धरायचा आणि दोन्ही टोकांना गाठ. दुसऱ्या कोणी मोजायचा नाही. तुझी पेटी गोपाळमामाने केली तेव्हा फळ्या मीच धरून होतो. ती अजून नीट लागते की नाही ते कळव. लग्नाआधी तू तिच्यात मोहफुलं लपवली होतीस, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

पेटी हातात घेतली की प्रेरणा आधी कोपरे तपासणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून सांधे जपून करतो आहे. धागा लवकर पाठव. घरच्या सर्वांवर माझी माया आहेच, ती मोजायला धागा लागत नाही.

तुझा
कवडूदादा


अर्जुनी मोरगाव
५ जानेवारी २०२५

ती. दादास रुख्माचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र केव्हाच मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. धान विकायचं होतं, मग घरात थोडं आजारपण झालं, आता ठीक आहे. यांचीही तब्येत बरी आहे. उन्हाळी धानाची रोवणी लागायची आहे, म्हणून हे दिवसभर बांधावर असतात.

धागा सोबत पाठवते आहे. हळदीत भिजवला आहे, गाठीही मारल्या आहेत. प्रेरणा स्वतः दोन ओळी लिहिणार होती, पण तिला जमलं नाही. सध्या ती घरीच आहे, कारखान्यातून सुट्टी घेतली आहे. लग्नाची तारीख थोडी मागेपुढे होईल असं वाटतं. तेव्हा तू पेटीची अजिबात घाई करू नकोस. उन्हाळ्यात केलीस तरी चालेल, नाही झाली तरी कोणी तुला बोलणार नाही.

संक्रांतीला येतो म्हणाला होतास. या वेळी नको येऊस. घरात सगळा पसारा आहे आणि तुला नीट करून घालणं माझ्याच्याने होणार नाही. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना? डॉक्टरांनी तुला मनाला लावून घ्यायचं नाही म्हणून सांगितलं आहे, ते विसरू नकोस. शेजारच्या दुर्गेश्वरीकडून भाजी मागून घेत जा, नुसत्या भाताने पोट भरत नाही.

माझी पेटी छान लागते. तिच्यात आता काय काय असतं ते तू विचारू नकोस.

माझ्यावरचा लोभ आहे तसाच असू दे, दादा.

तुझी
रुख्मा


दरेकसा
२ फेब्रुवारी २०२५

चि. रुख्मास आशीर्वाद. वि. वि.

धागा मिळाला. करवत लावायच्या आधी सवयीने तो माझ्या पंजावर धरून पाहिला. रुख्मा, हा धागा प्रेरणाचा नाही.

मी तुझ्यासारखा शिकलेला नाही, पण मापं विसरत नाही. त्या पोरीची वीत माझ्या वितीला बरोबर लागते. बारा-तेरा वर्षांची असतानाच लागायला लागली होती, आणि तू तिच्या पंजाला फावडं म्हणून चिडवायचीस. हा धागा दोन बोटं आखूड आहे. तो कोणाचा आहे तेही सांगतो. गोपाळमामाने तुझी पेटी केली तेव्हाचा धागा मी हातात घेतला होता. हा तुझा हात आहे.

आधी मला हसू आलं. म्हटलं, पोरीला कंटाळा आला असेल आणि आईनेच उरकून टाकलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. आजारपण कोणाला, ते त्यात नाही. लग्न पुढे गेलं, पण का, ते नाही. संक्रांतीला येऊ नको म्हणतेस. तू मला कधी येऊ नको म्हटलं होतंस? तुझ्या लक्ष्मीवहिनीच्या तेराव्याला तू भांडून मला तुझ्या घरी नेलं होतंस.

काल दुर्गेश्वरीला सांगून तिच्या फोनवरून तुमच्याकडे बोलायला लावलं. तिने फोन कानाला लावला, आणि बोलता बोलता ती खाली बसली. नंतर मी पाटी पुढे केली तर तिने पेन्सिल हातात घेतली, पाटी कोरीच परत दिली आणि मला भात वाढून दिला. बहिऱ्या माणसाला लोकांची तोंडं फार नीट दिसतात. तिला जे कळलं ते सगळ्या गावाला कळलं आहे. दुकानात गेलो की लोक बाजूला सरून मला वाट देतात. मला कायले वाट पायजे?

माझ्या रक्तदाबाची काळजी करू नकोस. न सांगितल्याने तो जास्त वाढतो आहे. पोरगी जिवंत आहे ना, एवढं आधी लिही. मग बाकीचं लिही. तोवर मी फळ्यांना हात लावत नाही.

वाट पाहतो आहे. लोभाचं वगैरे नंतर लिहीन.

कवडूदादा


अर्जुनी मोरगाव
१० फेब्रुवारी २०२५

ती. दादास रुख्माचा नमस्कार. वि. वि.

प्रेरणा जिवंत आहे.

साक्षगंधाला पंधरा दिवसही झाले नसतील. कारखान्यात ती रंधा मशीनवर फळी घालत होती. फळीत कुठेतरी गाठ होती म्हणतात, फळी उसळली आणि हात आत ओढला गेला. उजवा हात, दादा. अंगठा तेवढा राहिला. बाकीची बोटं गेली. गुलाबचंदने स्वतःच्या गाडीत घालून तिला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा तो बाहेर पायरीवर बसून लहान पोरासारखा रडत होता, त्यामुळे त्याच्यावर राग काढता आला नाही.

उमेंद्रच्या घरचे एकदा दवाखान्यात आले. सफरचंदं आणली, बसले, चहा घेतला. नंतर मध्यस्थाकडून निरोप आला. त्याची आई म्हणून राहिली होती की आमच्या घरी गाई-म्हशी आहेत, शेती आहे, एका हाताच्या सुनेने कसं करायचं आमचं. उमेंद्र स्वतः आला नाही. आम्ही साडी आणि अंगठी परत पाठवली. तुझ्या त्या मान डोलवण्याची आठवण यांनी काढली आणि पहिल्यांदाच मी यांना रडताना पाहिलं.

प्रेरणा आता घरी आहे. भिंतीकडे तोंड करून बसते. स्वतःचे केस विंचरता येत नाहीत, सलवारची नाडी बांधता येत नाही. मी बांधते तेव्हा डोळे मिटून उभी राहते. माझी नणंद आली होती. प्रेरणा ताटावर बसलेली असताना नणंद बोलून गेली, पोरीने डाव्या हाताने जेवू नये, घरात बरकत राहत नाही. त्या दिवसापासून प्रेरणा डाव्या हाताने घास उचलत नाही आणि मी भरवलं तर दोन घासांवर तोंड फिरवते. चोवीस वर्षांच्या मुलीला भरवायचं म्हणजे काय असतं ते मी कोणाला सांगू?

तू धागा मागितलेलं पत्र हातात घेऊन मी तिच्याजवळ बसले. मी तिला म्हटलं, मामा धागा मागून राहिला आहे, डाव्या हाताचा देऊ का. तिने डावा हातही शालीत ओढून घेतला. म्हणून मी माझा मोजला. माझा आणि तिचा पंजा सारखा नाही हे मला ठाऊक होतं, पण तू लक्षात ठेवलं असशील असं वाटलं नव्हतं.

तुला कळवलं नाही कारण तुझी छाती आधीच अधू आहे. हे एक कारण. दुसरं कारणही लिहिते, तू विचारलंसच तर. मला तुझा राग आला होता. रंधा तिच्या हातात तू दिलास. मी शिवणकाम शिकवत होते, तू म्हणालास पोरीचा हात सुताराचा आहे. गुलाबचंदकडे तिचं नाव तू सांगितलंस. मी लिहायला बसले की हेच आधी लिहून जायचं, म्हणून कागद फाडत होते. आज फाडत नाही आणि खोडतही नाही.

पेटी करू नकोस. फळ्या चुलीत घाल. या घरात आता पेटी आली तर ती बघून रोज रडावं लागेल.

लोभ आहेच. पण आज त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही.

रुख्मा


दरेकसा
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रुख्मास आशीर्वाद. वि. वि.

परवा न सांगता आलो आणि न बोलता गेलो, त्याचा तुला आणखी त्रास झाला असेल. पण तुझं पत्र वाचून घरात बसणं शक्य नव्हतं.

तू लिहिलंस ते बरोबर आहे. रंधा मीच दिला. त्यावर मला आणखी काही लिहिता येत नाही आणि तू समजूत घालायला येऊ नकोस.

तिच्या खोलीत मी बराच वेळ बसलो होतो. ती भिंतीकडे बघत होती आणि मी तिच्या पाठीकडे. मला ऐकू येत नाही आणि तिला बोलायचं नव्हतं, तेव्हा आमचं तसं बरं जमलं. मध्ये एकदा ती वळली. शाल खाली सरकली होती. मी मान फिरवली, रुख्मा. आरामशीनवर मी किती जणांची बोटं गेलेली पाहिली आहेत, माझ्या हाताने त्यांना फडकी बांधली आहेत. पण तो हात माझ्याने बघवला नाही. मी खिडकीतून तुमच्या चिंचेकडे बघत राहिलो. परत पाहिलं तेव्हा ती पुन्हा भिंतीकडे वळली होती.

केवलरामजी स्टेशनपर्यंत आले. माझी पिशवी त्यांनी घेतली आणि गाडी सुटेपर्यंत हातातून सोडली नाही.

फळ्या चुलीत घालणार नाही. ही लग्नाची पेटी होती तेव्हा ती उमेंद्रच्या घरी जाणार होती. आता ती प्रेरणाची आहे. तिला एवढंच सांग की मामाला धागा पाहिजे, डाव्या हाताचा चालेल. आपल्या घरात कोणी डाव्या हाताचा दिलेला नाही, पण आपल्या घरात असं काही झालेलंही नव्हतं. मोजायचा मात्र तिनेच. नियम एवढाच एक ठेवू.

तिच्या पाठीवरून माझा हात फिरव. तुला जमेल तेव्हा मलाही एखादं पत्र टाक.

तुझा
दादा


अर्जुनी मोरगाव
२५ मार्च २०२५

ती. दादास रुख्माचा सा. न. वि. वि.

धागा येणार नाही. तुझी वाट संपावी म्हणून लिहिते.

तुझं पत्र मी तिला वाचायला दिलं. तिने सगळं वाचलं, एके ठिकाणी थांबली, पुन्हा वाचलं आणि उशीखाली घातलं. मी हळदीचा धागा तिच्याजवळ ठेवला. ती म्हणाली, मले कायले पायजे पेटी, मी कुठे जाऊन राहिली आहे? धागा अजून तिथेच खिडकीत पडला आहे.

मागच्या वेळी मी फार लिहून गेले. तू आलास तेव्हा तुझं तोंड पाहून मला स्वतःची लाज वाटली. पण तू म्हणालास समजूत घालू नकोस, तर घालत नाही. तू किती वाळला आहेस! शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता.

उमेंद्रचं लग्न अक्षयतृतीयेला ठरलं आहे, साकोलीकडची मुलगी आहे. आम्हाला कोणी कळवलं नाही, पण बाजारात दोन बायकांनी मुद्दाम थांबवून सांगितलं. एकीने तर वर विचारलं की आता प्रेरणाचं काय करता. मी काऊन काही करू, ती काय पडून राहिलेलं सामान आहे का? असं मी म्हणायला पाहिजे होतं. पण ते घरी येऊन वांगी धुताना सुचलं.

ती अजून हाडांची जुडी होत चालली आहे. भरवलं तर खाते, नाही तर तशीच. हे तिच्यासमोर बसून जेवत नाहीत, ताट घेऊन ओसरीवर जातात. घरात तीन माणसं आणि तिघं तीन ठिकाणी जेवतात.

पेटीचं सोडून दे, दादा. तुझं वय झालं आहे. तुला काही झालं तर मला माहेर म्हणून कोण उरेल? माझ्यासाठी स्वतःला जप, एवढीच माया पुरे.

तुझी
रुख्मा


दरेकसा
२७ एप्रिल २०२५

रुख्मा आशीर्वाद

पेटी गोंदियापर्यंत गुलाबचंदच्या माणसाबरोबर पाठवली. पुढे तो अर्जुनीच्या गाडीत ठेवील. उतरवून घ्या. माप माझ्या वितीचं आहे. पॉलिश नाही. प्रेरणाला द्या. जास्त लिहवत नाही.

दादा


अर्जुनी मोरगाव
५ मे २०२५

ती. दादास रुख्माचा नमस्कार. वि. वि.

तुझं चिटोरं हातात आलं. अक्षर असं की एक ओळ डोंगर चढते आहे आणि दुसरी तळ्यात उतरते आहे. माझी खात्रीच झाली की तुला लकवा मारला. लगेच दुर्गेश्वरीला फोन केला. ती म्हणाली, चांगला चालून-फिरून राहिला आहे, पण उजव्या हाताला दुपट्टा गुंडाळलेला असतो, विचारलं तर मान हलवतो. मला वाटलं पडला असशील, हात मोडला असेल. हे निघायच्या तयारीलाच लागले.

तेवढ्यात पेटी आली. दादा, खरं लिहू? पेटी पाहून मला रडूच आलं. तुझ्या हातची वस्तू ती! कोपऱ्यांत फटी, एकीत तर माझी करंगळी शिरली. झाकण एका बाजूला घासतं. बाहेरून रंधा कुठे खोल गेला आहे, कुठे लागलाच नाही. मी यांना म्हटलं, दादाचे हात गेले, आता दादाही जाणार. यांनी ती उचलून कोपऱ्यात ठेवली आणि वर पोतं टाकलं, प्रेरणाला दिसू नये म्हणून.

त्याच दिवशी दुपारी बाहेर बँडचा आवाज आला. कोणा दुसऱ्यांचीच वरात होती, उमेंद्रचं लग्न आधीच होऊन गेलं होतं, पण प्रेरणा उठून आतल्या खोलीत आली आणि त्या पोत्यावरच बसली. मग पोतं काढून पाहिलं. बराच वेळ तिने पेटी फिरवून फिरवून पाहिली. डाव्या हाताचा अंगठा सांध्यांवरून फिरवला, झाकणाच्या आतून फिरवला. मी दारात उभी होते. ती मला म्हणाली, आई, पटाशीचे घाव उलटे आहेत. मला काही कळलं नाही. तिने मला बोट धरून दाखवलं. उजव्या हाताचा माणूस पटाशी मारतो तेव्हा घाव एका बाजूला कलतो म्हणे, आणि इथे सगळे दुसऱ्या बाजूला कलले आहेत. पहिल्या घावापासून शेवटच्या घावापर्यंत सगळे. म्हणाली, मामाने ही एका हाताने केली. डाव्या हाताने. फळी छातीने दाबून धरली असेल, हे बघ शर्टाच्या बटणाची खूण.

मग मी तुझं चिटोरं पुन्हा काढून पाहिलं.

काय म्हणू तुला? या वयात उजवा हात बांधून, तोही बिजासारख्या लोखंडी लाकडावर! तुझ्या हाताला आधी तेल लाव. किती ठिकाणी कापलं असेल ते तू सांगणार नाहीस, पण झाकणाच्या आत एक डाग आहे, तो बिजाच्या रंगाचा नाही एवढं मलाही कळतं.

संध्याकाळी हे ताट घेऊन ओसरीवर निघाले तर प्रेरणा त्यांना म्हणाली, बाबा, इथे बसा. आणि त्यांच्यासमोर तिने डाव्या हाताने भात कालवला. अर्धा खाली सांडला. हे स्वतःच्या ताटात बघून जेवत राहिले, पण उठले नाहीत. बरकतीचं काय व्हायचं ते होवो, माझ्या घरात त्या दिवशी भात संपला.

रात्री प्रेरणा पेटीवरच डोकं टेकून झोपली. दुसऱ्या दिवशी तिची ओढणी धुवायला घेतली तर तिच्यावर हा एवढा तपकिरी डाग. कितीही घासला तरी निघत नाही. पेटी कोरडी ठेवायची असं तू लिहिलं होतंस, मी तिला सांगायचं विसरले होते.

तुझ्यावरचा राग सगळा गेला असं खोटं लिहीत नाही, थोडा आहे अजून. पण तुझ्याशिवाय मी तो कोणावर काढू? असाच राहा, आणि माझा राहा.

तुझी
रुख्मा


अर्जुनी मोरगाव
२६ मे २०२५

ती. मामांना प्रेरणाचा नमस्कार. वि. वि.

अक्षर वाईट आहे. तुमचं त्याहून वाईट होतं. एवढं लिहायला मला दोन दुपारी लागल्या. आई म्हणत होती, सांग, मी लिहिते. मी नको म्हटलं.

पेटीचे चारही कोपरे चुकले आहेत. झाकण डावीकडे घासतं. बिजागरी तिरपी आहे. असं काम मी केलं असतं तर तुम्ही फळी परत कापायला लावली असती.

पेटीत अजून काही ठेवलं नाही. ठेवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. नुसती उघडते आणि लावते. नसलेली बोटं दुखतात, मामा. डॉक्टर म्हणतात तसं होतं. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की मी कान झाकते, तर एकच कान झाकला जातो. मी बरी आहे असं आईने लिहिलं असेल तर ते अर्धंच खरं आहे.

आईने तुम्हाला रंध्याचा दोष दिला. मी कधी दिला नाही. सगळ्या घरात मला आवडलेली एकच गोष्ट ती होती. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आला होता. तुम्ही आलात तेव्हा मी मुद्दाम शाल सोडली होती. बाकी सगळे बघून रडत होते, मला वाटलं तुम्ही नीट बघाल, कापलेलं लाकूड बघता तसं, आणि सांगाल याचं आता काय होईल. तुम्ही चिंचेकडे बघत बसलात. मागून पत्रात ते तुम्ही स्वतःच लिहिलंत, ती ओळ मी दोनदा वाचली.

सोबत धागा पाठवते आहे. डाव्या हाताचा आहे. एक टोक दातांत धरलं, गाठीही दातांनीच मारल्या, आईला हात लावू दिला नाही. म्हणून हळद थोडी गेली आहे. नवीन पेटी करू नका. या मापाने रंध्याला मूठ करून ठेवा, डाव्या बाजूने धरता येईल अशी. आणि तुमचा उजवा हात सोडा आता.

रोवणी लागायच्या आधी मी तिकडे येते. बाबा गोंदियापर्यंत सोडतील, पुढे मी एकटी येईन. कोपरे आपण नंतर बघू. मी आले की आधी माझा हात बघा.

तुमची
प्रेरणा